विस्तवाची राखण

बॉस्टन शहर मागे टाकून मोटार वायव्येच्या वाटेला लागली, की दोन-अडीच तासांनी कनेटिकट नदीचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे न्यू हँपशर राज्य, पलीकडे व्हर्माँट. ‘हिरवा डोंगर’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून या राज्याला हे नाव मिळाले आहे, असे जावयांनी सांगितले तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिले आणि मला हसू आले. जानेवारीचा महिना होता. नदी गोठून पांढरी झाली होती, डोंगर पांढरे होते, शेते पांढरी होती. हिरवे म्हणावे असे उरले होते ते पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे शेंडे तेवढे. मात्र एक गोष्ट माझ्या ओळखीची निघाली. रस्त्याकडेच्या घराघरांच्या ओसरीवर फोडलेल्या लाकडांच्या कमरेएवढ्या राशी रचलेल्या होत्या आणि छपरांवरच्या धुराड्यांतून धूर निघत होता. इतक्या दूरच्या मुलखात सरपणाची रास पाहून मनाला केवढा धीर येतो, हे ज्यांचे बालपण चुलीपुढे गेले आहे त्यांनाच कळेल.

माझे बालपण तसेच गेले. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. लग्नानंतर जबलपूरला आले आणि तेथेच एका शाळेत गणित शिकवीत उभा जन्म काढला. मुलगी अमेरिकेत परिचारिका आहे. तिची रुग्णालयातली पाळी बहुधा रात्रीची. जावयांची नोकरीही फिरतीची. तेव्हा सात वर्षांच्या नातीला सोबत म्हणून एक हिवाळा मी त्यांच्याकडे काढावा, असे ठरले. त्या हिवाळ्याने मला बर्फ दाखवले, डोंगर दाखवले. परंतु मी जे शिकून आले ते घरातल्या एका लोखंडी शेगडीपुढे बसून.

घर जुने, लाकडी, दुमजली. दिवाणखान्याच्या भिंतीत विटांचे मोठे अग्निकुंड आणि त्याच्यावर छपरापर्यंत गेलेले विटांचेच धुराडे. पूर्वी या कुंडात उघडाच जाळ करीत. इंग्रजी चित्रांत आपण तो पाहतो. त्याच्यासमोर बसलेली कुटुंबे पाहून मन प्रसन्न होते. पण हिशेब मांडला तर तो जाळ मोठा उधळ्या. लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा खोलीला मिळतो. बाकीची धुराड्यावाटे आकाशाला जाते, आणि जाता जाता खोलीतील ऊबदार हवाही ओढून नेते. ती हवा गेली, की तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गोठलेली हवा आत येते. म्हणजे जाळापुढे बसलेल्या माणसाचे तोंड भाजते आणि पाठ कुडकुडते.

या उधळपट्टीचा विचार या देशात फार पूर्वीपासून झालेला आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० नंतरच्या काही वर्षांत अग्निकुंडात बसवण्याजोगी लोखंडी पत्र्यांची एक पेटी तयार केली आणि १७४४ साली तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. तिचे पेटंट त्यांना मिळत होते. परंतु दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपल्या शोधाचा लाभ इतरांस विनामूल्य द्यावा, या विचाराने त्यांनी ते नाकारले. त्यांच्या पेटीत धूर खाली वळवून मग वर नेण्याची योजना होती. ती नीट साधेना, म्हणून पुढे इतरांनी तिच्यात सुधारणा केल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५३ साली जन्मलेले बेंजामिन टॉम्सन, म्हणजेच पुढचे काउंट रम्फर्ड, यांनी १७९६ साली अग्निकुंडांवर निबंध लिहून दाखवून दिले, की कुंड उथळ केले, बाजू तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद ठेवला, तर खोलीला पुष्कळ अधिक ऊब मिळते. तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून उष्णतेचे स्वरूप शोधणारे ते हेच रम्फर्ड.

पुढे घरोघर तेलाच्या भट्ट्या आल्या आणि लाकूड मागे पडले. १९७३ साली तेलाचा तुटवडा पडून किंमती भडकल्या, तेव्हा न्यू इंग्लंडमधील लोकांना आपल्या रानांची पुन्हा आठवण झाली आणि जुन्या कुंडांत लोखंडी शेगड्या बसू लागल्या. मुलीच्या घरातील शेगडी १९८० च्या सुमाराची. लोखंडाची जाड पेटी, पुढे काचेचे दार, खाली हवा कमीजास्त करण्याची दांडी आणि पेटीभोवतीची तापलेली हवा खोलीत ढकलणारा विजेचा पंखा. पेटीच्या डोक्यातून निघालेली सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाची पोलादी नळी धुराड्याच्या पोटातून थेट छपरापर्यंत गेलेली. पेटी आणि विटा यांमधील फट लोखंडी पत्र्याने झाकलेली. आता, ही झाकलेली नळी आपण लक्षात ठेवू. पुढची सारी गोष्ट तिच्याचमुळे घडली.

पहिल्याच संध्याकाळी जावयांनी मला शेगडीची ओळख करून दिली. दाराच्या वरच्या लोखंडावर चुंबकाने चिकटवलेली एक वाटोळी तबकडी होती. तीत एक काटा आणि तीन रंगांचे पट्टे. “आई, काटा पहिल्या पट्ट्यात असला तर विस्तव मंद आहे असे समजा,” ते म्हणाले, “मधल्या पट्ट्यात असला तर ठीक, आणि तांबड्यात गेला तर हवेची दांडी लगेच आत ढकला.” शेजारी एक वही टांगलेली होती. किती वाजता किती लाकडे घातली, बाहेर थंडी किती, काटा कोठे, हे सारे ते तीत लिहून ठेवीत.

मला मौज वाटली. माझ्या आईने जन्मभर चूल सांभाळली. तिला कधी काट्याची गरज पडली नव्हती. वैलावरच्या आमटीला किती आच हवी, भाकरी कोणत्या निखाऱ्यावर फुगेल, हे ती तळहाताने सांगे. रात्री जेवणे झाली की ती निखारे राखेखाली झाकून ठेवी आणि पहाटे राख बाजूला सारून, फुंकणीने दोन फुंकरा घालून पुन्हा जाळ करी. विस्तव विझू देणे म्हणजे गृहिणीला कमीपणा. काडेपेटीतील काडीही ती मोजून वापरी. हे सारे मी जावयांना अभिमानाने सांगितले. तेही कौतुकाने ऐकत राहिले. आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही, की माझ्या आईच्या चुलीला धुराडे नव्हते.

त्या आठवड्यात थंडी वाढली. रात्री पारा शून्याखाली २० अंशांवर जाऊ लागला. पागोळ्यांचे पाणी छपराच्या कडेलाच गोठून हातभर लांबीच्या काचेच्या सुळ्यांसारखे लोंबे. मुलगी संध्याकाळी कामावर जाई, जावई आठवड्यातून तीन-चार दिवस बाहेरगावी. नात वरच्या मजल्यावर निजे. तिच्या पलंगाची उशाकडची भिंत म्हणजे धुराड्याचीच भिंत. विटांची ऊब लागावी म्हणून पलंग मुद्दाम तेथे ठेवलेला होता. ती निजली की मी शेगडीपुढे येऊन बसे.

आणि मग मी माझ्या आईची मुलगी होई. रात्री तीन-चार जाड ओंडके घालावेत, ते नीट पेटण्याची वाट न पाहता हवेची दांडी पूर्ण आत ढकलावी, म्हणजे लाकूड धुमसत राहते आणि पहाटे दार उघडले की आत निखारे तयार असतात. एका काडीने मी दहा-दहा दिवस काढले. ओसरीवरची रास मी रोज डोळ्यांनी मोजीत असे. लाकूड येथे ‘कॉर्ड’ या मापाने घेतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफुटांची एक रास. माझ्या काटकसरीने रास हळूहळू उतरत होती, याचा मला केवढा आनंद!

तीन आठवडे असे गेले. मग एका रात्री वादळ झाले. सकाळी उठून पाहते तो ओसरीच्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या आणि वीज गेलेली. तेलाची भट्टी विजेवाचून चालत नाही. तेव्हा घराला ऊब देणारी ती एक शेगडीच उरली. मुलगी रुग्णालयातच अडकली होती, जावई दुसऱ्या गावी. फोनवर दोघेही काळजीने बोलत होती. मी म्हटले, “अगं, विस्तव सांभाळायला काय मला शिकवायला हवे? तुझ्या आजीची लेक आहे मी.”

वीज नाही, म्हणून पंखा बंद. नवल असे, की पंखा बंद होताच तबकडीवरील काटा वर सरकला आणि मधल्या पट्ट्यात जाऊन स्थिर राहिला. मी दांडी आत ढकलून ठेवलेलीच होती. थोड्या लाकडात काटा योग्य जागी राहतो आहे, याहून अधिक काय हवे? वहीत मी दर दोन तासांनी सुबक अक्षरात आकडा लिहीत होते. दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस गेला. काचेचे दार मात्र काळे पडत चालले होते. आतला जाळ दिसेनासा झाला. मी ओल्या फडक्याने पुसून पाहिले. काळिमा डांबरासारखा चिवट होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे वृद्ध गृहस्थ फावडे घेऊन वाट मोकळी करायला आले. ऐंशीच्या घरातले, याच डोंगरात जन्मलेले. वसंत ऋतूत मेपल झाडांचा रस आटवून पाक करण्याचा त्यांचा वडिलोपार्जित उद्योग. दारात येऊन त्यांनी नमस्कारादाखल टोपी काढली, शेगडीच्या काळ्या काचेकडे पाहिले आणि तबकडीकडे न पाहताच म्हणाले, “बाई, जरा बाहेर या. धूर पाहू.”

मी शाल गुंडाळून त्यांच्यामागे अंगणात गेले. समोरच्या टेकडीवर त्यांचे घर दिसत होते. त्यांच्या धुराड्यावर हवा नुसती थरथरत होती; धूर असा नव्हताच. आमच्या धुराड्यातून निळसर राखाडी धुराचा जाड लोळ निघून छपरावरूनच खाली लोळत होता.

“तो धूर म्हणजे जळायचे राहिलेले लाकूड,” ते म्हणाले. “निम्मे बाहेर जाते आहे. उरलेले कोठे जाते, ते मी सांगतो.”

मग ओसरीवरच्या राशीतला एक ओंडका त्यांनी कुऱ्हाडीने फोडला आणि खिशातले एक लहानसे यंत्र काढून त्याच्या दोन सुया आतल्या ताज्या लाकडात रोवल्या. आकडा आला २८. लाकडातील पाण्याचे प्रमाण शेकडा २० च्या आत असावे लागते. आमचे बीच जातीचे लाकूड वसंतात तोडलेले, उशिरा फोडलेले. बाहेरून वाळलेले दिसे, आतून ओले. अशा लाकडातील पाण्याची वाफ होईपर्यंत जाळाची शक्ती त्यातच खर्ची पडते.

घरात येऊन त्यांनी मला जे समजावून दिले, ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. लाकूड तापले की प्रथम पाणी जाते. नंतर सुमारे अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे लाकडाचेच वायू होऊ लागतात, आणि जाळ दिसतो तो या वायूंचा. ते नीट जळायचे तर पेटीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता आणि पुरेशी हवा, दोन्ही हवीत. मी दांडी आत ढकलून हवा तोडीत होते. त्यामुळे वायू न जळताच नळीत शिरत होते. नळीचा वरचा भाग बाहेरच्या थंडीत उभा. तेथे धूर सुमारे १२० अंशांखाली उतरला, की त्यातील वाफ आणि अर्धवट जळलेले पदार्थ नळीच्या आतल्या बाजूस दवासारखे जमतात आणि वाळून त्यांचे डांबर होते. याला क्रिओसोट म्हणतात. त्याचे एकावर एक थर चढतात. आणि पुढे एखाद्या दिवशी कोणी हौसेने मोठा जाळ केला, की हे डांबरच पेट घेते. नळीच्या आत आग लागते, आणि तिची उष्णता ११०० अंशांपर्यंत जाऊ शकते.

“मी नऊ वर्षांचा असताना आमच्या घरात अशी आग लागली होती,” म्हातारबाबा म्हणाले. “आगगाडी छपरावरून चालली आहे, असा आवाज आला. मातीची नळी तडकली आणि भिंतीतल्या लाकडी तुळया पेटल्या. आम्ही सारे बर्फात उभे होतो.” आणि क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “मुलगी कोणत्या खोलीत निजते?”

मी जिन्याकडे पाहिले. वरच्या मजल्यावरची ती विटांची भिंत आणि तिला टेकलेली लहानशी उशी माझ्या डोळ्यांपुढे आली. माझे हातपाय गळाले. काटकसर म्हणून ज्याचा मी अभिमान बाळगत होते, ते मी तीन आठवडे त्या लेकराच्या उशाशी रचीत होते.

“पण काटा तर बरोबर जागी होता,” मी म्हणाले. गणिताच्या शिक्षिकेला आकड्याचा आधार सुटत नव्हता.

त्यावर ते हसले नाहीत. त्यांनी मला तबकडीचे मर्म सांगितले. काश्मीर-हिमाचलातील बुखारी आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तिची नळी खोलीतूनच उघडी वर जाते. ही तबकडी मुळात अशा उघड्या नळीवर लावण्यासाठी केलेली असते, आणि तिच्यावरचे पट्टे नळीच्या पत्र्याच्या तापमानाचे असतात. सुमारे १२० अंशांखाली काजळीचे भय, १२० ते २४५ अंशांपर्यंत ठीक, त्यापलीकडे अतिउष्ण. आमच्या शेगडीची नळी भिंतीत दडलेली. म्हणून तबकडी दारावरच्या लोखंडावर लावलेली. तेथे ती लोखंडाचे तापमान दाखवी, धुराचे नव्हे. पंखा चालू असला की वारा लागून लोखंड निवते आणि काटा खाली येतो. पंखा थांबला की तेच लोखंड तापते आणि काटा वर चढतो. वीज गेल्यावर काटा वर गेला, तो विस्तव सुधारला म्हणून नव्हे. लोखंडावरचा वारा थांबला म्हणून! आकडा खरा होता. तो कशाचा आकडा आहे, हे मी विचारले नव्हते. चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांवर ‘एकक लिहा’ असा शेरा मारणाऱ्या बाईने ही चूक करावी, याची लाज मला आजही वाटते.

त्यांनी राखेसाठी ठेवलेल्या पत्र्याच्या बादलीत धुमसते ओंडके चिमट्याने उचलून घातले, वर झाकण लावले आणि बादली घरापासून दूर बर्फात नेऊन ठेवली. “आता येथे मोठा जाळ करायचा नाही. नळी साफ होईपर्यंत तुम्ही दोघी माझ्याकडे चला,” एवढे बोलून ते उठले. त्या रात्री आम्ही आजी-नात त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या शेगडीपाशी निजलो.

चौथ्या दिवशी वीज आली, रस्ते मोकळे झाले आणि धुराडे साफ करणारा मनुष्य कुंचे आणि लांब दांड्या घेऊन आला. छपरावर चढून त्याने नळी घासली. खाली ठेवलेली बादली काळ्या, चकाकत्या, कुरकुरीत पापुद्र्यांनी अर्धीअधिक भरली. सर्वांत जाड थर नळीच्या टोकाशी, जेथे थंडी जास्त, तेथे होता. पोलादी नळी शाबूत होती. मुलीने ती बादली पाहिली आणि काही न बोलता माझा हात धरून उभी राहिली. जावई मात्र म्हणाले, “आई, चूक माझी. तबकडी कोठे लावायची असते, हे मीच नीट वाचले नव्हते.” रागावले असते, तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर आमच्या शेगडीची शिस्त बदलली. पेटीच्या डोक्यावर, नळी जेथे सुरू होते तेथे, एक बारीक धातूची सळई आत घालून तिची तार झाकणाच्या पत्र्याबाहेर आणली. आता आतल्या धुराचेच तापमान बाहेर वाचता येते. ते नळीच्या बाहेरच्या पत्र्यापेक्षा पुष्कळ अधिक, कधी जवळजवळ दुप्पट असते. म्हणून त्याचे पट्टेही निराळे. जुनी तबकडी लोखंडावर राहिली, पण तिच्याखाली जावयांनी ‘पंखा चालू’ आणि ‘पंखा बंद’ अशा दोन खुणा केल्या. दुरून किरणांनी तापमान सांगणारे पिस्तुलासारखे यंत्रही त्यांनी आणले होते. परंतु चकचकीत धातूवर ते फसते आणि काचेतून आतल्या जाळाचे तापमान सांगत नाही, हे कळल्यावर त्याचा उपयोग काळ्या लोखंडापुरताच ठेवला. लाकूड शेजाऱ्यांकडून दोन वर्षे वाळलेले आणले. नियम एकच: लहान विस्तव, पण धगधगता. लाकडे नीट पेटून नळी तापेपर्यंत हवा मोकळी; मग दांडी थोडथोडी आत. रात्री विझला तर विझू द्यावा आणि सकाळी नवी काडी ओढावी.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत कठीण गेली. रोज सकाळी थंड राखेपुढे बसताना आपण काही चुकलो, असे वाटे. हळूहळू ध्यानात आले, की आईने चूक केली नव्हती. तिचे राखेखालचे निखारे म्हणजे ज्यातील धूर जळून गेला आहे असा कोळसा. आणि वर कौलांच्या फटींतून वारा खेळे. मी ओले लाकूड बंद पेटीत कोंडले आणि त्याला निखारे झाकणे म्हटले. रीत तीच वाटली. घर निराळे होते. आपल्याकडेही हिवाळ्यात, विशेषतः उत्तरेत, दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी घेऊन निजल्याने दर वर्षी माणसे दगावतात. जो विस्तव हवेशीर घरात सोबती, तोच बंद खोलीत विषारी वायूने मारतो. मुलीच्या घरी जिन्यात त्या वायूची सूचना देणारी घंटा लावलेली आहे. तिची बॅटरी पाहणे हे आता नातीचे काम झाले.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही जवळच्या डमरस्टन गावी गेलो. तेथे टेकडीच्या उतारावर जहाजासारखे लांबट एक लाकडी घर आहे. त्याचे नाव ‘नौलखा’. मुंबईत १८६५ साली जन्मलेले रड्यर्ड किपलिंग यांनी ते बांधवून घेतले आणि १८९६ पर्यंत ते येथे राहिले. आम्ही ते बाहेरूनच पाहिले. जबलपूरहून नागपूरला जाताना वाटेत सिवनी लागते. त्या सिवनीच्या रानातील मोगलीच्या कथा या बर्फाळ टेकड्यांत बसून लिहिल्या गेल्या, हे नातीला खरेच वाटेना. नौलखा बांधून होण्यापूर्वी किपलिंग दांपत्याने पहिला हिवाळा जवळच्या एका लहान घरात काढला. तळघरात जुनी भली मोठी शेगडी बसवून, जमिनीला भोके पाडून, पत्र्याच्या नळ्यांनी गरम हवा वर आणली होती. त्याच घरात १८९२ च्या डिसेंबरात त्यांची पहिली मुलगी जन्मली. आपण सारे बिछान्यातच कसे जळून गेलो नाही, याचे नवल त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. जावयांनी मला हे सांगितले तेव्हा मी हसले; मग त्या तान्ह्या मुलीचा विचार येऊन गप्प झाले.

मार्चमध्ये रात्री गोठण आणि दिवसा वितळण सुरू झाली, की मेपलच्या खोडांतून रस ठिबकू लागतो. शेजाऱ्यांच्या गुऱ्हाळघरात आम्ही गेलो. गुऱ्हाळघर म्हणायला हरकत नाही. तोच वाफेचा लोट, तोच गोड वास. सुमारे ४० भाग रस आटवावा तेव्हा एक भाग पाक उतरतो. खाली लाकडाचा धडधडता जाळ, वर रुंद कढई आणि कढईत थर्मामीटर. पाण्याच्या उकळण्याहून सुमारे चार अंश सेल्सियस वर काटा गेला, की पाक झाला. म्हातारबाबांनी काटा पाहिला. नंतर पळी बुडवून वर धरली आणि तिच्या काठावरून पाक कसा ओघळतो तेही पाहिले. मी विचारले, “काटा असताना पळी कशाला?”

“आणि पळी असताना काटा कशाला?” ते म्हणाले. “दोघांनी एकच सांगितले, म्हणजे उतरवायचा.”

एप्रिलमध्ये मी जबलपूरला परतले. आता हिवाळ्याच्या दिवसांत रोज सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, नातीचा फोन येतो. ती प्रथम सळईचा आकडा सांगते, मग लोखंडावरचा. पंखा चालू की बंद, तेही न विचारता सांगते. नंतर फोन खाली ठेवून बूट चढवते आणि अंगणात पळते. मी कानाशी फोन धरून थांबते. दार वाजते, बर्फावर पावले वाजतात. आणि धापा टाकीत ती परत येते.

“आजी, धूर नाही. नुसती हवा हलते आहे.”

मग मी माझ्या चहाचे आधण ठेवते.